क्लिनिकल पोस्टिंगमधले दिव्यांग नर्सिंग विद्यार्थी: नव्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरसाठी मार्गदर्शक

क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, येणाऱ्या नव्या बॅचच्या यादीत एका नावापुढे ‘दिव्यांग’ असा शेरा दिसला की नव्या इन्स्ट्रक्टरची पहिली चिंता असते, ‘हिला वॉर्डात जमेल का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण वॉर्डात ‘जमणं’ असं एक काम नसतंच. बीपी घेणं, बेडबाथ, आयव्ही (सलाइन) लावणं, पेशंट उठवून बसवणं, हँडओव्हर देणं (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. त्यामुळे प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहा: या कामातून पेशंटला नेमकं काय मिळायला हवं? ते मिळालंच पाहिजे, तिथे सूट नाही. ते कोणत्या हाताने, उभ्याने की बसून, कोणतं साधन वापरून, हे मात्र बदलू शकतं. या लेखातली बाकीची सगळी व्यवस्था याच फरकावर उभी आहे.

आधी नियम, कारण तेच विचारले जातात

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या बीएस्सी नर्सिंगच्या नियमांत मात्र या राखीव जागा पायाच्या ४० ते ५० टक्के अस्थिव्यंगापुरत्या आहेत. रंगांधळेपणा असलेल्यांना रंगदोष सुधारणारा चष्मा किंवा लेन्स वापरण्याच्या अटीवर प्रवेश मिळतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. राखीव जागा वेगळी आणि शिकताना मिळणारी सोय वेगळी. खुल्या जागेवर आलेल्या, कानाला यंत्र असलेल्या किंवा सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या विद्यार्थिनीलाही योग्य सोय मागण्याचा हक्क आहे, आणि ती नाकारणं हा कायद्याच्या व्याख्येतच भेदभाव आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडणं) असलेल्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सांगितलं की सोय त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरवायची, सरसकट नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून पुढे गेलेल्या, बोलण्यात अडचण असलेल्या एका विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येत नाही, ती व्यक्ती तो अभ्यासक्रम करू शकते का हे तपासावं लागतं. निकाल मेडिकलचा असला तरी नर्सिंगच्या ट्यूटरने विचाराची हीच रीत घ्यावी. सर्टिफिकेटवरच्या ४५ टक्क्यांवरून त्या मुलीला ट्रे घेऊन चालता येतं की नाही हे कळत नाही.

पोस्टिंगच्या तीन आठवडे आधी: विद्यार्थिनीशी बोलणं

एकटीला भेटा. स्टाफरूममध्ये चार ट्यूटर बसलेल्या असताना नको. निदान विचारून सुरुवात करू नका. लॉगबुक (करायच्या प्रोसिजरची नोंदवही) पुढ्यात ठेवा आणि त्या वॉर्डातली एकेक प्रोसिजर घेऊन तीनच गोष्टी विचारा: ही तू कशी करतेस, कुठे अडतं, आजवर काय करून पाहिलंस? बहुतेकींनी घरी आणि स्किल लॅबमध्ये आपापल्या युक्त्या बसवलेल्या असतात, पण कुणी विचारलेलं नसतं.

काही मुली ‘मला काही त्रास नाही मॅडम’ म्हणून विषय संपवतात. प्रवेश रद्द होईल ही भीती त्यामागे असते. तिला स्पष्ट सांगा की प्रवेश झालेला आहे, ही नोंद पोस्टिंग नीट व्हावी म्हणून आहे, आणि वॉर्डात काय सांगायचं ते तिच्या संमतीनेच ठरेल. तरीही ती बोलली नाही तर आग्रह नको. दार उघडं ठेवा आणि पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा विचारा.

मग एका पानाचा आराखडा लिहा. असा:

वॉर्ड: स्त्री शल्यचिकित्सा. अडचण: डाव्या पायाला कॅलिपर (आधाराची पट्ट्यांची चौकट), उजव्या हातात कुबडी, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहिल्यास पाय दुखतो, दोन्ही हातांत ट्रे धरून चालता येत नाही. सोय: ब्रेकची छोटी ट्रॉली; ड्रेसिंगच्या वेळी उंची बदलता येणारं स्टूल; चार्टिंग बसून. कोण करणार: ट्रॉली सिस्टर-इनचार्ज, स्टूल कॉलेज. बदलणार नाही: हात धुणं, निर्जंतुक क्षेत्र, औषधाची तपासणी, पेशंटची संख्या. पुन्हा पाहणं: पहिल्या आठवड्याचा शुक्रवार.

‘कोण करणार’ हा रकाना मोकळा राहिला की आराखडा कागदावरच राहतो. ‘स्टूल मिळावं’ असं लिहिलेलं स्टूल कधीच मिळत नाही. विद्यार्थिनी, तुम्ही आणि प्राचार्य अशा तिघींच्या सह्या घ्या. सिस्टर-इनचार्जना फक्त ‘सोय’ आणि ‘कोण करणार’ हे दोन रकाने द्या. निदान, टक्केवारी आणि सर्टिफिकेटची झेरॉक्स वॉर्डात जाता कामा नये.

वॉर्ड आधी स्वतः चालून पाहा

पोस्टिंग सुरू होण्याआधी एक दिवस, फरशी पुसण्याच्या वेळी जा. कुबडी किंवा कॅलिपर वापरणारीला सर्वात मोठा धोका ओल्या फरशीचा असतो. फरशी किती वाजता पुसतात ते मावशींना विचारा आणि त्या वीस मिनिटांत तिला बसून करायचं काम द्या: चार्टिंग, औषधांचा हिशोब, पेशंटची हिस्टरी. कुबडीच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालं की कोरड्या फरशीवरही घसरतं. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की ते बदलायचं, आणि एक जादा रबर लॉकरमध्ये ठेवायला तिला सांगायचं. मेडिकल सप्लायच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं.

लिफ्ट बंद पडते तेव्हा काय करायचं, टॉयलेट कमोडचं आहे की भारतीय पद्धतीचं, दोन खाटांमधून ट्रॉली जाते का, हेही तेव्हाच पाहा. खाली बसता न येणारी मुलगी भारतीय पद्धतीच्या टॉयलेटमुळे सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि दुपारी चक्कर आली की ‘झेपत नाही’ असा शेरा मिळतो. कमोड कोणत्या मजल्यावर आहे ते शोधून पहिल्याच दिवशी तिला दाखवा.

पायाचं अस्थिव्यंग: काम कसं बसवायचं

जुन्या ट्यूटरच्या डोळ्यांसमोर अजून पोलिओच असतो. वन्य पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. आज येणाऱ्या मुलींमध्ये क्लबफूट (जन्मतः वाकडं पाऊल), जन्मतः निसटलेला खुबा, सौम्य सेरेब्रल पाल्सी, अपघातानंतर बसवलेला कृत्रिम पाय असे प्रकार अधिक दिसतात, आणि प्रत्येकीचं अडणं निराळं असतं.

इंजेक्शनचं उदाहरण घ्या. कुबडीवाल्या मुलीने ट्रे हातात घेऊन चालायचं नाही. ट्रॉलीवर सगळं मांडायचं, औषधाची तपासणी ट्रॉलीपाशी, मग ट्रॉली ढकलत खाटेपर्यंत. चालताना एक हात ट्रॉलीच्या दांड्यावर, एक कुबडीवर. खाटेपाशी ब्रेक लावायचा, कुबडी खाटेच्या पायथ्याशी टेकवायची. पेशंटच्या वाटेत किंवा सलाइनच्या स्टँडला टेकवायची नाही. हात धुण्याची वेळ इथे नेमकी चुकते. ट्रॉलीपाशी हात धुतले आणि मग कुबडी धरली तर ते धुणं वाया गेलं. कुबडी बाजूला ठेवल्यानंतर, पेशंटला हात लावण्याआधी हँडरब घ्यायचं, म्हणून हँडरबची बाटली ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात हवी. कुबडीची मूठ दोन पेशंटांच्या मध्ये अल्कोहोल वाइपने पुसायची. लेबर रूममध्ये कॅलिपरच्या चामडी पट्ट्यांत रक्त मुरतं आणि ते निघत नाही. तिथे गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचं लेगिंग घालायचं.

कृत्रिम पाय असलेल्या मुलीचा उरलेला पाय दिवसभरात सुजतो किंवा बारीक होतो, घामाने मऊ पडतो, आणि सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) ढिलं किंवा घट्ट होतं. जास्तीचे स्टंप-सॉक्स लॉकरमध्ये हवेत, आणि शिफ्टच्या मधोमध पाच मिनिटं आडोशाला बसून ते बदलायची मुभा हवी. त्वचा लाल होऊन तो लालपणा ओसरत नसेल तर त्या दिवशी पाय काढून ठेवावा लागतो. सहन करून ड्युटी पुरी केली तर जखम होते आणि पुढचे पंधरा दिवस जातात.

पेशंट उचलणं हा सगळ्यांच्या आवडीचा आक्षेप. एकटीने पेशंट उचलणं कुणीच करू नये, दोन्ही पाय धडधाकट असलेल्यांनीही. ड्रॉशीट किंवा स्लाइडिंग शीट (पेशंट सरकवायची चादर), दोघी-तिघी, खाट कमरेच्या उंचीवर, आणि मोजणारी एक. मोजण्याची आणि डोक्याकडची बाजू धरण्याची जबाबदारी या मुलीला द्या; तिला पूर्ण प्रोसिजर येते हे तिथे दिसतं.

सीपीआरमध्ये (हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देताना) मात्र सूट नाही. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, ही पेशंटची गरज आहे. गुडघे टेकता न येणारीसाठी मॅनिकिन (सरावाचा पुतळा) जमिनीवर ठेवू नका. कोपर ताठ ठेवून खांदे हातांच्या बरोबर वर येतील इतक्या बुटक्या, न हलणाऱ्या टेबलावर ठेवा. वॉर्डात खाट खाली करता येत असेल तर करावी, गादीखाली फळी घालावी. कॅलिपर असताना उंच फूटस्टेपवर चढायला लावू नका, तोल जातो. दोन मिनिटांनी माणूस बदलतोच. ती एका मिनिटात थकत असेल तर एका मिनिटाला बदला, आणि हे आधी ठरवा, ऐन वेळी नको. मदत हाक मारून बोलावणं, अँबू बॅग (श्वास देण्याची पिशवी), वेळ मोजणं, औषधं भरणं यांतही ती तयार हवी.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) स्क्रब झाल्यावर, म्हणजे हात निर्जंतुक करून गाउन घातल्यावर, बसण्याचं स्टूल लागणार असेल तर ते आधी पुसून, निर्जंतुक कव्हर घालून ठेवावं लागतं. स्क्रब करून उभी राहिलेली मुलगी ऐन वेळी स्टूल ओढू शकत नाही.

ऐकू कमी येणं

कानामागचं यंत्र लावणारी मुलगी स्टेथोस्कोपची टोकं कानात घालू शकत नाही. यंत्र काढून बीपी घेतलं तर तेवढ्या वेळात पेशंट काय म्हणतो ते तिला ऐकू येत नाही. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपला यंत्रावरून बसणारा हेडफोन जोडता येतो, काही मॉडेल थेट श्रवणयंत्राला जोडली जातात. विकत घेण्याआधी तिच्याच यंत्राबरोबर लावून पाहा. ते येईपर्यंत दोन नळ्यांचा शिकवणीचा स्टेथोस्कोप घ्या: एका टोकाला यंत्र काढून ती, दुसऱ्या टोकाला तुम्ही, आणि दोघींचं रीडिंग वेगवेगळ्या कागदावर. नाडी चाचपून घेतलेलं बीपी फक्त वरचा आकडा देतं, हे तिलाही माहीत हवं आणि चार्टवरही तसं लिहायला हवं.

मास्कमुळे ओठ दिसत नाहीत. ओटीत तोंडी सूचना देण्याआधी तिच्या खांद्याला हात लावा, आणि महत्त्वाची सूचना तिने परत म्हणून दाखवल्याशिवाय ‘कळली’ धरू नका. ही सवय सगळ्या बॅचला लावली तर तिच्यावर वेगळं बोट राहत नाही. हँडओव्हर घोळक्यात नको; दोघी समोरासमोर, हातात लिहिलेला कागद. मॉनिटरकडे पाठ करून बसवू नका. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असलेल्या मुलीला पेशंट सोडायला एमआरआयच्या खोलीत पाठवू नका, तिथे मोठं चुंबक असतं. दारापर्यंत ती, आत दुसरी.

रंग ओळखता न येणं

यावर सर्वात कमी बोललं जातं, आणि नर्सिंगमध्ये तर पावलोपावली रंगच आहेत. लघवीतली साखर पाहण्याच्या बेनेडिक्ट टेस्टमध्ये ५ मिली द्रावणात ८ थेंब लघवी घालून उकळल्यावर निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असे रंग वाचायचे असतात. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्याला इथे अंदाजच करावा लागतो. कॅन्युलाचे (शिरेत बसवायच्या नळीचे) क्रमांक: १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. जैव कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, निळ्या, पांढऱ्या बादल्या. रक्ताच्या नळ्यांची झाकणं.

रंगदोषाचा चष्मा दोन रंगांतला फरक ठळक करतो. नेहमीची रंगदृष्टी परत देत नाही. त्यामुळे चष्मा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नियम एकच: रंगावरून उचलायचं, छापील अक्षरावरून पक्कं करायचं. कॅन्युलाच्या पाकिटावरचा आकडा, नळीच्या लेबलवरचं नाव, बादलीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेलं ‘सुया’, ‘काच’, ‘प्लास्टिक’. लघवीच्या स्ट्रिपचा रंग दुसरी व्यक्ती वाचेल आणि चार्टवर तिची सही असेल. कावीळ किंवा निळेपणा पाहताना ‘मला वाटतं’ असं न लिहिता स्टाफ सिस्टरला बोलवायचं.

इन्सुलिनचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. आपल्याकडे ४० युनिटच्या सिरिंजचं टोपण लाल आणि १०० युनिटच्या सिरिंजचं नारिंगी असतं, आणि हे दोन रंग या मुलांना सारखेच दिसू शकतात. १०० युनिटच्या व्हायलमधून ४० युनिटच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट केलं तर ८ च. व्हायलवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून मोठ्याने वाचायचा, मगच सुई टोचायची.

डिस्लेक्सिया (वाचण्यात अडचण) असलेल्यांनाही हीच मोठ्याने वाचण्याची सवय उपयोगी पडते. त्यांच्यासाठी डोसचं गणित एका ठरलेल्या छापील चौकटीत करायला द्या: ऑर्डर, उपलब्ध, किती मिली. कॅल्क्युलेटर चालेल. एकमेकांसारखी दिसणारी औषधं ट्रॉलीत शेजारी ठेवू नका. इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम क्लोराइड दुसऱ्या माणसाच्या तपासणीशिवाय कुणाही विद्यार्थ्याच्या हातून जाता कामा नये.

सिकलसेल

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांतून येणाऱ्या बॅचमध्ये सिकलसेलची एखादी विद्यार्थिनी असणं अगदी शक्य आहे, आणि हा आजार कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. दिसायला ती ठणठणीत असते, म्हणून तिला आळशी म्हटलं जातं. शरीरात पाणी कमी होणं, थंडी, ताप आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. पाण्याची बाटली नर्सिंग स्टेशनला, दर तासाला प्यायची सूट. एसी ओटीत गाउनखाली उबदार पूर्ण बाह्यांचा कपडा. सलग नाईट टाळणं. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलवरचं औषध) चालू असेल तर संसर्गाच्या वॉर्डाची पोस्टिंग तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. झटका आला की ती पेशंट आहे, विद्यार्थिनी नाही. आधी कॅज्युअल्टी, रजेचा अर्ज नंतर.

खरी अडचण हजेरीची. परिषदेच्या नियमाने थिअरीला ८० टक्के पुरतात, पण पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के लागते. बुडलेले दिवस सेमिस्टरच्या शेवटी एकत्र भरायला लावले की त्या ताणानेच पुढचा झटका येतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी हिशोब करा आणि भरपाईचे दिवस त्याच महिन्यात, आठवड्याला एकच जादा, असे लिहून द्या.

कम्युनिटी पोस्टिंग

गृहभेटीत बॅग टेक्निक (साहित्याची बॅग स्वच्छ ठेवून वापरायची पद्धत) वर्तमानपत्र पसरून जमिनीवर शिकवली जाते. खाली बसता न येणारीने घडीचं हलकं स्टूल सोबत न्यावं, बॅग घरातल्या पलंगावर किंवा ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवावी. स्वच्छ आणि अस्वच्छ बाजू वेगळी राहिली की पद्धत बरोबर. कुटुंबांची संख्या कमी करू नका, रस्त्यालगतची घरं द्या. बसची पायरी उंच असते. तिला दाराजवळची सीट, आणि इतरांच्या पाच मिनिटं आधी चढायला सांगा.

पेशंट, नातेवाईक आणि स्टाफ

‘ही मुलगी लावणार सलाइन?’ असं एखादा नातेवाईक तिच्यासमोरच विचारतो. उत्तर तुम्ही द्यायचं, शांतपणे: ‘काका, या सिस्टरांनी याचा सराव पूर्ण केलाय. मी इथेच उभी आहे.’ पायाबद्दल, कानाबद्दल एक शब्दही नको. पेशंट तरीही नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. दुसरा पेशंट द्या, आणि त्याच दिवशी द्या.

स्टाफपैकी कुणी ‘पेशंटच्या सुरक्षेसाठी हिला इथे पाठवू नका’ म्हणालं तर वाद घालू नका, लिहून मागा: कोणती प्रोसिजर, कोणता धोका, काय करून पाहिलं. कधी खरोखरच नेमका धोका सापडतो आणि आराखडा सुधारतो. बऱ्याचदा लिहून काही येत नाही. तरीही अडवणूक चालू राहिली तर आधी प्राचार्य, मग संस्थेचा तक्रार निवारण अधिकारी, आणि पुढे पुण्याचं दिव्यांग आयुक्त कार्यालय.

मूल्यमापन

चेकलिस्टमधून ‘उजव्या हाताने’, ‘पेशंटच्या उजवीकडे उभं राहून’ असे शब्द आधीच काढा, जिथे त्यांना सुरक्षेचं कारण नाही. ओएससीईत (स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षेत) एका स्टेशनवरून दुसऱ्याकडे जायला जादा वेळ द्या. लिहिण्याच्या स्टेशनला जादा वेळ द्या. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी तासाला किमान २० मिनिटं आहेत. पण सीपीआर सुरू करायला, अॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अॅलर्जी) ओळखायला जादा वेळ नाही, कारण पेशंटकडे तो नसतो.

दयेने दिलेले मार्क तिला पुढे बाधतात. ड्रेसिंगमध्ये निर्जंतुकता मोडली तर नापास करा आणि कारण लिहा. नापास करण्याआधी एवढंच तपासा की आराखड्यातलं स्टूल, ट्रॉली, स्टेथोस्कोप त्या दिवशी जागेवर होतं का. नसेल तर ती परीक्षा धरायची नाही, पुन्हा घ्यायची.

शेवटच्या सेमिस्टरमधली इंटर्नशिप २२ आठवड्यांची, आठवड्याला ४८ तासांची असते. तिची ड्युटी लागण्याच्या महिनाभर आधी नवा आराखडा लिहा, कारण पाच दिवसांच्या पोस्टिंगला पुरणारं स्टूल आणि विश्रांती इथे पुरत नाही. जुन्या आराखड्यावर कोणती सोय वापरली गेली, कोणती पडून राहिली आणि कोणती ऐन वेळी सुचली ते तिच्यासोबत बसून लिहा, आणि ते पान पुढच्या इन्स्ट्रक्टरच्या हातात तिच्याच समोर द्या.